मथुरेचा डावा हात

रागावून नाही हो गेल्या त्या. तुम्हाला वाटतंय तसं नाही — मी बघत होतो ना, मघापासून इथेच बसलोय, तुम्ही दोघं आलात तेव्हापासून. तुम्ही म्हणालात, एवढं काय झालंय, एक पिशवी धरवत नाही का — आणि त्या उठल्या आणि पार त्या टोकाच्या बाकावर जाऊन बसल्या, नळाजवळ. म्हणून तुम्हाला वाटलं, राग आला. जरा वर बघा. पंखा. तो पंखा नेमका त्या बसल्या होत्या तिथे वारा टाकतो. पदर कसा धरला होता त्यांनी, बघितलात? हातावर नव्हता घेतला, हाताच्या वर धरला होता, कापड लागू नये पण वारा अडावा असा. तुम्ही बोलायच्या आधीपासून त्या उठायच्या बेतात होत्या. तुमच्या बोलण्याचं वाईट वाटलं असेल, ते वेगळं — पण गेल्या त्या वाऱ्यामुळे. शिमगा तोंडावर आलाय, ऊन बघा कसं पडलंय, आणि माणूस पंखा सोडून उन्हात जाऊन बसतो, तो रागाने नाही बसत.

बसा, बसा. गाडी पाऊण तास लेट सांगितलीय, म्हणजे तास धरा. तुम्ही कोल्हापूरकडचे ना, बोलण्यावरून वाटलं — घाट उतरून आलात. कुडाळला लग्न? बरं. प्लास्टर कधी काढलं त्यांचं? — दहा दिवस. मनगटच. आणि डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, एक्सरे मस्त आलाय. असंच म्हणतात, आणि खरं असतं ते, हाड जुळलेलंच असतं. मला एक सांगा, तो हात दुसऱ्या हातापेक्षा गरम लागतो का? — लावून बघितला नाहीत. बरं केलंत, लावू नका. नुसता बघा. बँडेजच्या बाहेर बोटं आहेत ती बघा, इथूनसुद्धा दिसतंय मला, सुजलेली, चकचकीत, वर तेल लावल्यासारखी. आणि कशी धरलीत — मांडीवर ठेवलेली नाहीत, मांडीच्या वर अधांतरी. तासभर तशी धरून बघा तुम्ही, खांदा भरून येईल. पण मांडीवर टेकवण्यापेक्षा ते बरं वाटतं त्यांना.

नाही, मी डॉक्टर कसला. मिठबावला असतो मी, समुद्राला लागून, हापूसची कलमं आहेत थोडी. लोके माझं नाव, सुदेश लोके. आमच्या मिसेसना झालं होतं हेच, म्हणून कळतं. मथुरा. आता बरीच सुधारलीय, म्हणजे पुष्कळच. सध्या इथे माहेरी आहे तिच्या, वैभववाडीपासून आत सहा-सात किलोमीटर — औषधपाणी, हवापालट, खाऱ्या वाऱ्याचा त्रास होतो ना तिकडे. तिलाच भेटून निघालो आत्ता. पंधरा दिवसांनी एक रविवार येतो मी.

आमची पण अशीच, साधी पडली. मे महिना होता, आंब्याचा शेवटचा तोडा चाललेला, आणि हिची रतांब्यांची घाई — आमसुलं वाळत घालायची, खारवलेला रस, आगळ म्हणतो आम्ही, तो भरायचा. मागच्या पायरीवर आगळ सांडलेलं, पाय घसरला, डावा हात टेकला. मनगट. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत कधी कण्हली नाही, एका हाताने भाकऱ्या थापायची, काय सांगू तुम्हाला, एका हाताने. आणि प्लास्टर काढलं त्या दिवशी मी म्हटलं सुटलो — तर तिथून सुरू झालं. म्हणाली, आत निखारो ठेवल्यासारो वाटता. मी म्हटलं होईल कमी, इतके दिवस बांधलेला हात. कमी कसलं होतंय. कधी लालभडक, कधी निळसर, कधी घामाने ओलाचिंब — एकच हात, दुसरा कोरडा. अंगावर पाणी घ्यायची ती तो हात बाहेर काढून. पोलक्याची बाही कापून टाकली एका बाजूची. जोरात दार आपटलं तरी हात दुखतो म्हणायची. आता तुम्ही सांगा, दार आपटलं तर हात दुखतो, हे कोणाला पटेल? मला नाही पटलं.

डॉक्टर केले की. एकाने एक्सरे काढला, छान. दुसऱ्याने रक्त तपासलं, छान. तिसऱ्याने कागद बघितले आणि मला बाहेर घेऊन म्हणाला, जरा मनाने कमकुवत आहेत, घरात काही टेन्शन आहे का. आता आमच्या घरात टेन्शन कुठलं यायला, आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. दोन माणसं आणि एक म्हैस. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, कौल घेऊन झाला. कौल चांगला आला. हातावर काही फरक नाही. आणि मग काय होतं, माणूस थकतो. तो ज्याला दुखतं तो थकतोच, पण बघणारासुद्धा थकतो — हे कोणी बोलत नाही, मी बोलतो. पहिला महिना मी सगळं केलं. दूध काढलं, भात लावला, तिचे केस विंचरले. दुसऱ्या महिन्यात मी भांडी आपटायला लागलो. तिसऱ्या महिन्यात बोलायला लागलो — तेच, तुम्ही मघाशी बोललात तेच. एवढं काय झालंय.

नाही, तुम्हाला टोचून नाही बोलत. मी त्याच्या फार पुढे गेलो होतो.

त्या वर्षी गणपतीला माझी मोठी बहीण आली, मुंबईहून, तिच्या घरच्या सगळ्यांना घेऊन. घर भरलेलं आणि ही एका कोपऱ्यात हात वर धरून बसलेली. बहीण पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, सुदेश, हाड जुळला ना? मग दुखता काय? कामाचो कंटाळो, दुसरा काय. ते गेलं आत. खोटं कशाला बोलू, ते आधीपासून आतच होतं, तिने नुसतं तोंडातून बाहेर काढलं. आणि त्या दुपारी — मथुरा जेवून झोपली होती माजघरात. गाढ. हात उशीवर ठेवलेला, उघडा. मी पाणी प्यायला आत गेलो आणि बघत उभा राहिलो. खांद्यावर पंचा होता माझ्या. त्याचं टोक मी धरलं आणि हळूच तिच्या बोटांवरून फिरवलं. एकदा. मग दुसऱ्यांदा, जरा दाबून. ती हललीसुद्धा नाही.

मला काय वाटलं माहीत आहे? मला आनंद झाला. चोर सापडल्यावर होतो तसा. तीन महिने मी वेड्यासारखा राबलो आणि ही झोपेत बघा कशी आरामात. जागेपणी वारा सोसत नाही आणि झोपेत पंचा चालतो. मी बाहेर आलो आणि बहिणीला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला, म्हणाली, मी सांगलंय ना तुका.

— गोळी. झोपेची गोळी होती ती. म्हणजे दुखण्यावरचीच, पण तिने गुंगी यायची. दुपारी जेवणावर मीच दिली होती, माझ्या हाताने, पाण्याचा तांब्या पुढे करून. ते मला आठवलंच नाही. आठवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौरी. आमच्याकडे गौरीला वाडीतल्या बायका येतात, ओवसा असतो, सुपं घेऊन गौर पुजायची, सगळ्या नटून-थटून. आणि आमच्या मथुरेचा उजवा हात बांगड्यांनी भरलेला आणि डावा रिकामा. प्लास्टर घालताना काढल्या होत्या, त्या परत भरल्याच नव्हत्या. एक-दोघींनी विचारलं. बहीण म्हणाली, सगळ्यांसमोर, गौरीच्या दिवशी सवाशीण बाई, आणि एक हात उघडो? घोव जितो असताना? हसत म्हणाली, पण म्हणाली. मथुरा म्हणाली, माका जमाचा नाय. एवढंच. आणि मी उठलो. देवापुढे ताटात बांगड्या होत्या हिरव्या, त्यातल्या चार घेतल्या आणि तिच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, हात दे. ती म्हणाली, नको. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं, आणि ती मागे सरकली, पण मागे भिंत. मी म्हटलं, झोपेत काय होणा नाय आणि आता होता? काल मी पंचो फिरवलंय तुझ्या हातार, तुका समाजला पण नाय. आणि तिचा हात धरला. मनगटाच्या जरा खाली, असा, घट्ट, आणि बांगडी चढवली. कासार कसा बोटं दाबून एकत्र करतो, तसं दाबावं लागतं ना. सुजलेला हात. दोन चढल्या. तिसरी फुटली.

ती ओरडली नाही. तेच वाईट झालं, ओरडली असती तर मी सोडला असता, निदान मला वाटतं सोडला असता. ती माझ्याकडे बघत होती. तोंड उघडं होतं पण आवाज नाही. मग डोळे फिरले आणि बसल्या जागी कलंडली, आणि — असो. लुगडं ओलं झालं तिचं. पंचवीस बायका बघत होत्या. पहिल्यांदा माझी बहीण उठली. तिने बांगड्या सांभाळून फोडून काढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, भायर जा तू.

हे मी कोणाला सांगत नाही. तुम्हाला का सांगितलं कोणास ठाऊक. तुम्ही कोल्हापूरचे, तुमची-माझी परत गाठ पडायची नाही, म्हणून असेल.

पाणी आहे तुमच्याकडे? — द्या जरा. बरं वाटलं.

मग काय. ती भांडली नाही. नाना, तिचा भाऊ, विसर्जनानंतर आला न्यायला. तिने उजव्या हाताने पिशवी भरली, चेन लावताना दातात धरली एक बाजू, मी पुढे झालो तशी थांबली, मी मागे झालो तशी परत लावायला लागली. मी विचारलं, कधी येशील? म्हणाली, बघूया. नानाला तिने सांगितलं नव्हतं काही, वाडीतल्या कोणीतरी सांगितलं असणार, कारण मला नमस्कार न करता गेला तो. आणि दोन महिन्यांनी त्याचा फोन. म्हणाला, भावजी, तिका कोल्हापुराक नेललंय. तिच्या हाताक रोग आसा. नाव आसा तेका. कागदार लिवन दिल्यानी. मी म्हटलं, काय नाव? तर तो एकेक अक्षर वाचत गेला. सी. आर. पी. एस. मी ते पंचांगाच्या मागे लिहून घेतलं. आणि फोन ठेवल्यावर त्या चार अक्षरांकडे बघत बसलो. नाव असलेला रोग होता तो. दुनियेत आणखी माणसांना होतो, डॉक्टरांना ठाऊक असतो, बायकांना जास्त होतो, मनगट मोडल्यावर होतो — सगळं छापलेलं आहे कुठेतरी. आणि मी बांगडी चढवत होतो.

मालवणात एक फिजिओथेरपीवाल्या डॉक्टर आहेत, आकांक्षा नावाच्या, तरुण मुलगी, मला मुलगी असती तर तिच्या वयाची म्हणा. तिच्याकडे गेलो. तिने विचारलं, पेशंट कुठेत? मी म्हटलं, घरी आहे, येता येत नाही, तुम्ही मला शिकवा, मी करून घेईन. एकटाच जायचो. आठ-नऊ वेळा गेलो असेन, मिठबावहून दोन एस्ट्या बदलून. बाहेर बाकावर सगळे मोडलेले हात-पाय घेऊन बसलेले आणि मी धडधाकट. तिने माझ्याच हातावर शिकवलं सगळं. पहिल्या दिवशी मी विचारलं, डॉक्टर, जखम बरी झाली, हाड जुळलं, मग दुखतं काय? ती म्हणाली, काका, तुमच्या वाडीत कुत्रे आहेत ना? एखादा चोर येऊन जातो, आणि त्यानंतर कुत्रा असा बिथरतो की पान पडलं तरी भुंकतो, घरचं माणूस आलं तरी भुंकतो. चोर केव्हाच गेला, पण कुत्र्याचं भुंकणं खरं असतं ना? तसं त्यांच्या हाताचं झालंय. दुखणं खरं आहे. त्या नाटक करत नाहीत. शिरा मेंदूला चुकीचं सांगतायत, कापड लागलं तरी आग आग म्हणून. मी म्हटलं, मग कुत्र्याला मारायचं नाही. ती म्हणाली, मारलं तर आणखी बिथरेल. मी मान खाली घातली. तिला वाटलं, मी लिहून घेतोय.

आणि झोपेतलं पण विचारलं मी. दुसऱ्या कोणाचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, त्या गोळीवर असतील तर नाही कळणार कदाचित, त्यावरून काही ठरवायचं नसतं. बरं म्हटलं.

ते शिकण्यासारखं आहे, तुम्ही लक्षात ठेवा. हात बांधून गप्प ठेवायचा नाही, आणि ओढाओढी पण करायची नाही. आधी नुसती चित्रं दाखवायची हातांची, मोबाइलवर — हा डावा की उजवा, एवढंच सांगायचं, हात हलवायचा पण नाही. मेंदू डावा हात विसरलेला असतो, त्याला ओळख करून द्यायची. मग आरसा. एक खोका असतो, त्याच्या आत दुखरा हात घालायचा, बाहेरून आरसा, आरशात बरा हात दिसतो तो दुखऱ्यासारखा. बरा हात हलवायचा, बघायचं आरशात, मेंदूला वाटतं डावाच हलला, आणि आग तर लागली नाही. तो खोका मी आंब्याच्या पेटीचा केला. एक फळी काढली, दाढीचा आरसा ठोकला बाजूला. कडा घासून घासून गुळगुळीत केल्या, कूस लागू नये म्हणून. आणि मग कापूस फिरवायचा हातावर, दोन मिनिटं, घड्याळ लावून. सोसला की रेशीम. मग जुना मऊ टॉवेल. मग तांदळाच्या टोपात बोटं. मग वाळू. महिने जातात एकेका पायरीला. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून जास्त करायचं नाही, आणि वाईट वाटलं म्हणून सोडायचं नाही. ते मी तीन वर्षं करून घेतलंय, म्हणून सांगतो.

मी म्हणजे — मी नाही. रसिकाने. नानाची मुलगी, कॉलेजला आहे. मी पेटी घेऊन आलो तेव्हा नानाने दारातच घेतली ती. मथुरा बाहेर आली नाही. मी पडवीत बसून रसिकाला सगळं समजावलं, तिने वहीत लिहून घेतलं, हुशार आहे. मग ती आत गेली पेटी घेऊन, आणि मी पडवीतच. आतून ऐकू यायचं — आत्ये, हो डावो काय उजवो? आणि मथुरेचा आवाज, डावो. बरोबर. हो? उजवो. आणि मग व्यायामाचे आकडे. मी बाहेर बसून तिच्याबरोबर मोजायचो. चहा यायचा, प्यायचो, निघायचो. पंधरा दिवसांनी परत. नवीन काही शिकलो की तेवढं रसिकाला सांगायचं. दुसऱ्या वर्षी मथुरा पडवीत येऊन बसायला लागली, लांब, उंबरठ्याजवळ, पाऊस कसा आहे, म्हैस व्यायली का, इतकं विचारायची. मला तेवढं पुष्कळ होतं. घरी काय, घरी बोलायला कोण आहे — मी सकाळी कलमांत जातो आणि परत येईपर्यंत तोंड उघडायचं कारण पडत नाही. कधी कधी फोनवर कोणी हॅलो म्हटलं की माझा आवाज मलाच घोगरा वाटतो. त्या दुसऱ्या आरशाच्या खोक्यात — मी एक माझ्यासाठी पण केला होता, शिकताना — त्यात मी डावा हात घालून बसायचो संध्याकाळी. आरशातला हात हलतो आणि आतला नाही, विचित्र वाटतं. तो हात दुसऱ्याच कोणाचा तरी आहे, आपल्यासमोर बसलेल्या माणसाचा, असं वाटतं.

काय? — हो, चार वर्षं होतील गणपतीला. हवापालट म्हटलं मी मघाशी. हवापालटच म्हणतो मी सगळ्यांना.

आज लवकर पोचलो. स्टेशनवरून एक ओळखीचा बाइकवाला भेटला, त्याने मागच्या वाटेला सोडलं, शेतातल्या. तर मागच्या पडवीत दोघी बसलेल्या, ती आणि रसिका, कसल्यातरी हसत होत्या. मथुरा नारळ खवत होती. तुम्ही नीट ऐका — नारळ. अर्धी वाटी डाव्या हातात धरलेली, अशी तळव्यात, दाबून, आणि फिरवत होती खवणीवर. डाव्या हाताने. मी माडाच्या मागे उभा राहिलो. पाच-सात मिनिटं उभा असेन. खोबरं पडत होतं ताटात आणि ती हसत होती. इतकं बरं वाटलं मला, म्हटलं, झालं, बरी झाली, आता विचारायला हरकत नाही, आता घरी चल म्हणायला हरकत नाही. आणि पुढे झालो. तिने वर बघितलं.

वाटी पडली नाही तिच्या हातातून. तिने ती खाली ठेवली, नीट. पण हात आत गेला. बोटं मिटली, पोटाशी धरला हात, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो लाल झाला, मनगटापासून नखांपर्यंत. रसिकाला म्हणाली, चाय कर. रसिका गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघंच. मी म्हटलं, राग गेलो नाय ना अजून? तर म्हणाली, राग केव्हाच गेलो. खरांच सांगतंय. माका तुमची सय पण येता. पण ह्या हाताक ता कळणा नाय. तुमी येवन गेलास काय दोन दिवस पेटता तो. तुमी येतलास म्हणान आधीचे दोन दिवस पेटता. पंधरा दिवसांतले चार माझे असेच जातत.

शांतपणे सांगत होती. मला समजावत होती ती. मी म्हटलं, मग मी काय करू? म्हणाली, येव नकात.

मी — मला तेवढ्यात सुचलं ते मी म्हटलं. म्हटलं, तू कापसाची सवय केलंस, रेशमाची केलंस, तांदळाची, वाळूची. तशीच हळूहळू माझी पण. मी लांब बसतंय, दोन मिनिटां बसतंय, घड्याळ लावन. मला वाटलं ती हसेल. तिने विचार केला, खरंच विचार केला, हाताकडे बघत. मग म्हणाली, तांदळान माझो हात कधी धरूक नाय होतो.

चहा आला. मी प्यायलो. कप मीच विसळून ठेवला.

हां, तर तुमचं. कुडाळला उतरलात की लग्नाच्या घरी सांगा, हिच्या हाताला कोणी हात लावायचा नाही, बांगड्यांचा आग्रह करायचा नाही, कोणी कितीही मोठं असो. तुम्ही सांगा, त्यांना सांगायला लावू नका. आणि कोल्हापूरला परत गेलात की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे, आणि हे चार अक्षरी नाव घ्या, विचारा हे आहे का. नसेल तर देव पावला. असेल तर दहाच दिवस झालेत, लवकर धरलं तर पुष्कळ सुधारतं, आमचे महिने फुकट गेले. आणि त्या दुखतंय म्हणाल्या की हो म्हणा. तुम्हाला पटो न पटो. नंतर पटतं, पण तेव्हा उपयोग नसतो.

पिशव्या दोन्ही तुम्ही घ्या. उजव्या, म्हणजे बऱ्या हाताच्या बाजूला बसा त्यांच्या, ऊन तुमच्या पाठीवर घ्या. आणि मी हे सांगितलं असं सांगू नका, नुसते बसा.

मी? मी जाईन की. कणकवलीला उतरेन, तिथून एस्टी. परत कधी म्हणजे — नाही म्हटलंय ना तिने. नाही यायचं. कामं पडलीयत घरी, कैरी धरलीय, वानरं येतात, राखण लागते. रविवार काय, रविवार येणारच पंधरा दिवसांनी, त्याला कोण सांगणार येऊ नको म्हणून.

उठा. इकडेच बघतायत त्या. जा.